ताईच्या मेलांची सीडी

ताईला घशाचा कॅन्सर झाला आणि डॉक्टरांनी तिचा आवाज काढून टाकला. "जीव वाचला, हे काय कमी आहे?" असं ते भाऊजींना म्हणाले म्हणे. वाचला ना, वाचला. पण कराडच्या आमच्या आळीत सगळ्यात मोठ्याने हसणारी, भाजीवाल्याशी भांडायला लागली की कोपऱ्यापर्यंत ऐकू जाणारी बाई गळ्याला रुमाल बांधून गप्प बसली, ते मला अजून पटलेलं नाही. जन्मात कधी तंबाखूला शिवली नाही हो ती! तिची मुलगी तेव्हा नुकती बालवाडीत जायला लागली होती. त्या पोरीला आईचा आवाज आठवत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्याच्यापायी झालं.

मी तेव्हा जयपूरला. हे बँकेत, त्यामुळे बिऱ्हाड कायम पाठीवर, आणि त्या खेपेला नशिबात राजस्थान आलं. बँकेचा फ्लॅट सिव्हिल लाइन्सच्या मागच्या अंगाला होता. पुढे साहेबलोकांचे बंगले, मागे आम्ही. ह्यांची शाखा झोटवाड्यात. ऑपरेशनच्या वेळी मी कराडला जाऊन राहिले, आणि परत आल्यावर कळेना की आता हिच्याशी बोलायचं कसं. फोन केला तर मीच बडबडायची आणि ती पलीकडून रिसीव्हरवर नखाने टकटक करायची. एकदा टकटक म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. थोडे दिवस तसं केलं. मग मला सहन होईना, आणि तिलाही होत नसणार.

मेलची कल्पना तिचीच. कोर्टाच्या रस्त्याला तिचं डीटीपीचं दुकान होतं. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, वकिलांचे कागद, सगळं मराठीत टाइप करून द्यायची. दिवसभर बोटं मराठीतच चालायची, तर इंग्रजीत कशाला लिहायचं? तिने आपल्या फाँटची फ्लॉपी मला कुरिअरने पाठवली. हा फाँट जवळजवळ तिचा स्वतःचाच होता. त्या दिवसांत मराठी फाँट म्हणजे आतून इंग्रजीच खुणा आणि वरून मराठी झबलं. कोणत्या खुणेला कोणतं अक्षर घालायचं ते ज्याचं त्याचं. ताईने पत्रिकांच्या सोयीसाठी निम्मी अक्षरं हलवून भलत्याच खुणांवर बसवली होती. त्यामुळे तिने लिहिलेलं दोनच ठिकाणी वाचता यायचं, तिच्या दुकानात आणि माझ्या घरात. आम्हाला दोघींना त्याचं भारी कौतुक होतं.

"काय गं बयो, जेवलीस का?" प्रत्येक मेलची सुरुवात हीच. सकाळी सातला पाठवलेला असला तरी हीच. आणि पुढे ती सुटायची. नवऱ्या मुलाचं आडनाव चुकलं म्हणून भांडायला आलेल्या माणसाला तिने पाटीवर लिहून कसं गप्प केलं, सासूबाई तिच्याशी बोलताना आता स्वतःच हातवारे कशा करतात ("अगं, बोलता मला येत नाही, ह्यांना काय झालं?"), आमच्या ह्यांना ती 'तुझा तो तिजोरीचा नाग' म्हणायची. आणि मुलीबद्दल. तिला ती चिमणी म्हणायची. चिमणीने आज पाढा म्हटला, चिमणीला खोकला झालाय, चिमणी मला विचारते आई तू आतून बोलतेस का. मी वाचायला बसले की ती माझ्या कानात बोलायची. खरंच सांगते, तिचा चढा आवाज, मध्येच धाप लागून थांबणं, सगळं ऐकू यायचं. मी एकटी खुर्चीत बसून हसायचे आणि हे पेपरमधून डोकं वर काढून विचारायचे, "काय म्हणतेय मेव्हणी?"

मग तो कॅन्सर परत आला. ती गेली. भाऊजी त्यानंतर दुकानात पाऊल ठेवू शकले नाहीत, त्यांनी ते मशीनसकट देऊन टाकलं. मी दोष देत नाही. पण ताईने पाठवलेल्या मेलांची तिच्याकडची प्रत तिथेच संपली. इंटरनेटवर तरी काही राहील म्हणावं तर आमचा मेलचा प्रोग्राम जुन्या पद्धतीचा, मेल आला की उचलून घरी आणायचा आणि मागे काही ठेवायचा नाही. म्हणजे ताईचं जे काही बोलणं या जगात शिल्लक होतं ते आमच्या हॉलमधल्या त्या पिवळट पडलेल्या डब्यात होतं, ज्याच्यावर मी क्रोशाचं कव्हर घालत असे.

आणि तो डबा रडायला लागला. आधी मेल उघडायला वेळ लागू लागला. मग ताईचं फोल्डर उघडलं की पडदा पांढरा पडून तसाच राहायचा. जयपूरचा उन्हाळा, वीज येतेय-जातेय, स्टॅबिलायझर टकटक करतोय, आणि मी घामाने निथळत त्या पांढऱ्या पडद्यासमोर बसलेली. एक खिडकी सारखी वर यायची, नवीन आवृत्ती घ्या, नवीन आवृत्ती घ्या. मी सारखी नाही म्हणायची. मला त्या खिडकीचा इतका राग यायचा की एकदा तोंडाने म्हटलं, "नको म्हटलं ना मेल्या!"

ह्यांनी झोटवाड्यातून कॉम्प्युटरवाल्याला आणलं. बिचारा भला माणूस होता, पाणी सुद्धा मागून घ्यायचा नाही. त्याने मशीन उघडून पाहिलं आणि म्हणाला, "मैडमजी, पुराना प्रोग्राम है, फाइल बहुत भर गई है. किसी दिन बैठ जाएगी, फिर कुछ नहीं मिलेगा." बरं, मग नवीन घालू? तर नवीन प्रोग्राम जुन्या विंडोजवर चालणार नाही, सगळं पुसून विंडोजपासून नव्याने घालावं लागेल. "और उसमें भी थोड़ा रिस्क तो रहता है." म्हणजे घालावं तरी भीती, न घालावं तरी भीती. कप्पाळ माझं! मी त्याला चहा दिला आणि घरी पाठवलं.

कितीतरी महिने आम्ही घरात याच्यावरून भांडलो. हे म्हणायचे, "अगं, आज ना उद्या ते बसणारच आहे. आपण होऊन केलेलं बरं नाही का?" मी म्हणायची, "तुमच्या बहिणीचे असते तर?" त्यांना बहीणच नाही, पण भांडताना एवढं कोण बघतं. ते म्हणाले छापून घेऊ. आमच्याकडे प्रिंटर नव्हता, आणि बाहेर नेलं तर तिचा फाँट परक्या मशीनवर घालायचा, आणि कोणा दुकानदाराने ताईच्या घशाचं, तिच्या सासूचं, तिच्या रडण्याचं पान-पान उलटायचं. त्याला कळणार नाही हे मान्य. तरी मला नको होतं. डबा चालू आहे तोवर चालू दे, असं म्हणून मी ढकलत राहिले. रोज सकाळी देवाला दिवा लावला की कॉम्प्युटर चालू करायची, तिचं फोल्डर उघडतं का बघायची, उघडलं की हुश्श करून बंद करायची. वाचायची सुद्धा नाही, उगाच भार नको म्हणून.

दिवाळीच्या आधी भाऊजींचा फोन आला. सुट्टीत पोरीला घेऊन येतो म्हणाले, आणि फोन तिच्याकडे दिला. आता ती पाचवीत होती. म्हणाली, "मावशी, बाबा म्हणतात आईचं बोलणं तुझ्या कॉम्प्युटरमध्ये आहे. मला वाचायचंय. मला आई कशी बोलायची ते माहीतच नाही." म्हटलं, ये गं माझ्या राणी, सगळं वाचू आपण.

त्या आठवड्यात ते फोल्डर उघडेना. पांढरा पडदा, तासभर. दुसऱ्या दिवशी उघडलं, मग परत नाही. पोर येणार आणि मी तिला काय हा पांढरा पडदा दाखवू? हात टेकले मी. ह्यांना म्हटलं, "बोलवा त्याला. पण काही पुसायच्या आधी सगळं नीट उतरवून घ्या. माझा जीव आहे त्यात."

हे म्हणाले, "ते माझ्यावर सोड." आणि पदर खोचल्यासारखे कामाला लागले. बँकेत आयुष्य गेलेला माणूस, ह्यांना उतरवून घेण्याचं काम म्हणजे सणच. कॉम्प्युटरवाल्याला शेजारी बसवून प्रोग्रामातून सगळे मेल सीडीवर काढून घेतले. एक नाही, दोन सीड्या. मग ह्यांनी चष्मा पुसून पडताळणी केली. इकडे ताईच्या फोल्डरमध्ये किती मेल, तिकडे सीडीवर किती. तारखा जुळतात का, पहिला कोणता, शेवटचा कोणता. दोनदा मोजलं. मान हलवून मला म्हणाले, "टॅली. एक सुद्धा इकडचा तिकडे नाही." दुसरी सीडी त्यांनी बँकेच्या लॉकरमध्ये नेऊन ठेवली, माझ्या पाटल्यांशेजारी, आणि तिच्याबरोबर ताईच्या फाँटची फ्लॉपीसुद्धा. मला इतकं बरं वाटलं की मी त्या संध्याकाळी त्यांच्या आवडीचं थालीपीठ लावलं. मोजले सगळे. उघडून एकही पाहिला नाही. त्यांनी नाही, त्या माणसाने नाही, मी नाही. आमच्या घरात टॅली झालं म्हणजे झालं. चाळीत असल्यापासून दूधवाल्याचं कार्डसुद्धा असंच मिटायचं.

मग जुनं सगळं पुसलं. नवं घातलं. नवा प्रोग्राम छान होता, निळा निळा, झटकन उघडायचा. सीडीतून ताईचं फोल्डर आत घेतलं. पहिला मेल उघडला तर नुसता कचरा. इंग्रजी अक्षरं, आकडे, कंस. माझ्या तोंडचं पाणी पळालं. पण हे शांत होते. "अगं फाँट कुठे घातलाय अजून? तिचा फाँट नसला तर असंच दिसणार." खरंच की! मी हसले सुद्धा. दुसऱ्या दिवशी लॉकर उघडून हे फ्लॉपी घेऊन आले. फ्लॉपी चालली. इतक्या वर्षांनी चालली हो, मी तिला नमस्कार केला. फाँट घातला, मेल उघडला, आणि ताईची ओळखीची वळणदार अक्षरं पडद्यावर आली.

"काय ? ?यो, जे?लीस का?"

मला आधी वाटलं डोळे भरलेत म्हणून नीट दिसत नाही. पुसले. तेच होतं. कॉम्प्युटरवाल्याने दोन दिवसांनी येऊन समजावलं. बाहेर काढताना जुन्या प्रोग्रामला ज्या खुणा इंग्रजीतल्या वाटल्या त्या त्याने जशाच्या तशा ठेवल्या, आणि ज्या अनोळखी वाटल्या तिथे प्रश्नचिन्ह टाकलं. ताईने स्वतः हलवून बसवलेली अक्षरं सगळी त्या अनोळखी खुणांवर. ग, ब, म, व, त, न, सगळी जोडाक्षरं. 'मनात' या शब्दाचा फक्त काना उभा राहिला होता. लॉकरमधली सीडी पण तशीच, कारण तीही त्याच वेळी, तशीच काढलेली. आणि मूळ पुसलेलं. तो मशीनमधली डिस्क काढून घेऊन गेला, कुठल्यातरी ओळखीच्या माणसाकडे ठेवली, परत आणली. "ऊपर से नया लिख गया, मैडमजी. अब नहीं निकलेगा." पैसे घ्यायला तयार होईना.

हे मात्र सारखं एकच म्हणत राहिले, "टॅली झालं होतं गं. दोनदा मोजले मी." मी एकदा ओरडले त्यांच्यावर, "टॅली काय चाटायचीय मला? एक उघडून बघता आला नाही?" ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी मागून गेले नाही. नंतर त्यांनी शाखेतून रजा काढली आणि वहीत काय काय जुळवत बसले, या खुणेला हे अक्षर, त्या खुणेला ते. पण प्रश्नचिन्हाला काय जुळवणार? सगळी अक्षरं तिथे एकाच खड्ड्यात गेलेली. 'चि?णी' कळायचं. 'आई' कळायचं. 'शाळे?' कळायचं. दुखण्याच्या दिवसांतले मेल मात्र काही म्हणजे काही लागत नव्हते, एकेका ओळीत तीन-चार अक्षरं धड. तिथे ती काय म्हणाली होती हे मला आठवायला हवं होतं, आणि आठवत नव्हतं. मशीनमध्ये आहे म्हणून मी ते डोक्यात ठेवलंच नव्हतं.

पोर आली. गाडी लेट होती, भाऊजी थकलेले, ती मात्र टवटवीत. चालताना मान वाकडी करायची लकब अगदी ताईची. दुसऱ्या दिवशी त्यांना हवामहल दाखवला, कांद्याची कचोरी खायला घातली, बाजारात रोषणाई बघितली, बांगड्या घेतल्या. तिने दर थोड्या वेळाने मला विचारलं, "घरी कधी जायचं?" मी भाऊजींना रस्त्यातच एका बाजूला घेऊन सांगितलं. ते म्हणाले, "तिला सांगू नका. ती त्यासाठीच आलीय." मग एवढंच म्हणाले, "तुम्हाला पाठ असेल ना थोडं?"

हो म्हटलं मी. दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी तिने फराळाची बशी बाजूला सारली आणि कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढली. मी तिच्याआधी बसले, पडदा थोडा माझ्याकडे वळवला आणि फाँट अगदी बारीक केला. म्हटलं, माझे डोळे सवयीचे आहेत, मी वाचते, तू ऐक. आणि सुरुवात केली. "काय गं बयो, जेवलीस का?" एवढं खरं होतं. ती खुदकन हसली. पुढे पत्रिकेचं भांडण घातलं, ते मला आठवत होतं. सासूबाईंचे हातवारे घातले. भाऊजी दारात उभे राहून ऐकत होते, ते सुद्धा हसले. आणि मग चिमणी. चिमणीने पाढा म्हटला, चिमणी रुसली, चिमणी मोठी झाल्यावर मी तिला सगळं सांगणार आहे. हे शेवटचं ताईने लिहिलं होतं की नाही मला माहीत नाही. मला वाटलं, लिहिलं असेल. लिहायला हवं होतं तिने. माझा आवाज आपोआप तिच्यासारखा चढला, मी थांबेचना. ह्यांनी स्वयंपाकघरातून एकदा डोकावून पाहिलं आणि परत आत गेले.

पोर केव्हा उठून माझ्या खांद्याशी आली ते मला कळलं नाही. तिने पडद्याला नाक लावलं. बोट ठेवून ती एकेक ओळ बघत होती, शाळेत शिकवतात तसं. मी वाचत होते आणि तिचं बोट माझ्या मागे मागे येत होतं, मग अडलं, मग पुढे गेलं, मग परत मागे आलं.

"मावशी," ती म्हणाली, "इथे तर काहीच लिहिलेलं नाहीये. तू कुठून वाचतेयस?"

मी म्हटलं, "अगं, मशीन जरा खराब झालंय, मला पाठ आहे."

"मग हे आईचं बोलणं नाही," ती म्हणाली. रागावून नाही, अगदी साधं. "तुझं आहे."

भाऊजी दारातून निघून गेले. तिने माझ्या हाताखालून माऊस काढून घेतला आणि एकटीच पुढचे मेल उघडत बसली, एकामागून एक, शेवटपर्यंत. मी तिच्याशेजारी बसून राहिले. प्रत्येक मेलमध्ये ती पहिल्यांदा 'चि?णी' शोधायची, सापडलं की तिथे बोट ठेवायची, आणि त्याच्या पुढे काय आहे ते वाचायचा प्रयत्न करायची.